आज्ञार्थाची मर्यादा : कुमारांच्या डिजिटल नागरिकत्वाच्या शिकवणीतील भाषेचा विचार

१

भाषेच्या अध्यापनासंबंधी काही निरीक्षणे करण्याच्या निमित्ताने गेल्या वर्षी एका तालुक्याच्या गावी इयत्ता आठवीच्या वर्गात बसण्याचा प्रसंग प्रस्तुत लेखकास आला. तास मराठीचा होता. परंतु वरून आलेल्या सूचनेनुसार त्या दिवशी मराठीच्या बाईंनाच ‘सायबर सुरक्षा’ हा विषय घ्यावयाचा होता. बाईंनी फळ्यावर चौदा वाक्ये लिहिली. अनोळखी माणसाशी बोलू नका, पासवर्ड कोणाला सांगू नका, फोटो पाठवू नका, खरा पत्ता देऊ नका, अशा प्रकारची ती वाक्ये होती. आणि चौदाच्या चौदा वाक्यांचा शेवट ‘नका’ या एकाच शब्दाने झाला होता. मुलांनी ती वहीत उतरून घेतली. तास संपत आला असता मागच्या बाकावरील एका मुलीने विचारले, “बाई, आणि पाठवला असेल तर?” वर्ग हसला. बाई म्हणाल्या, “म्हणून तर पाठवू नका म्हटलं ना!” इतक्यात घंटा झाली.

बाईंना दोष देण्याचा येथे हेतू नाही. त्या कळकळीच्या शिक्षिका आहेत आणि आपल्या हाती दिलेला विषय त्यांनी प्रामाणिकपणे मांडला. परंतु त्या मुलीच्या प्रश्नास उत्तर देता येईल असे एकही वाक्य त्या फळ्यावर नव्हते, आणि जी वाक्ये होती त्यांच्या रूपातच अशा उत्तरास जागा नव्हती. ही उणीव एका शिक्षिकेची नसून कुमारवयीन मुलांना डिजिटल व्यवहाराचे शिक्षण देण्याची जी पद्धत आपल्याकडे रूढ होत चालली आहे, तिची आहे. आणि ती प्रथमतः भाषेची उणीव आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. या मताची मीमांसा करणे हा या लेखाचा विषय होय.

२

‘डिजिटल नागरिकत्व’ ही संज्ञा शालेय शिक्षणात रूढ करण्याचे बरेचसे श्रेय माइक रिबल आणि जेराल्ड बेली या अमेरिकन अभ्यासकांच्या २००७ मधील ग्रंथाकडे जाते. त्यांनी या नागरिकत्वाची नऊ अंगे कल्पिली असून त्यांत सुरक्षेबरोबरच साधनांची उपलब्धता, संभाषण, शिष्टाचार, कायदा, हक्क व जबाबदाऱ्या यांचाही समावेश आहे. म्हणजे मूळ कल्पनेत सुरक्षा हे नवांपैकी एक अंग आहे. आपल्याकडे केंद्रीय गृहमंत्रालयाने २०१८ मध्ये कुमारवयीन विद्यार्थ्यांसाठी सायबर सुरक्षेची एक पुस्तिका काढली. २०२० मध्ये, करोनाच्या साथीमुळे शाळा घराघरांतील पडद्यांवर गेल्या असता, एनसीईआरटीने युनेस्कोच्या सहकार्याने आणि सीबीएसईने स्वतंत्रपणे अशाच पुस्तिका प्रसिद्ध केल्या. या पुस्तिका निरुपयोगी आहेत असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्या धोक्यांची ओळख करून देतात आणि तक्रार कोठे करावी हेही सांगतात. तथापि पुस्तिका जेव्हा शाळेत उतरते, आणि शाळेतून फळ्यावर व फळ्यावरून वहीत जाते, तेव्हा तिच्यातील स्पष्टीकरणे वाटेत गळतात व निषेधांची यादी तेवढी उरते. विषयाचे नाव नागरिकत्वाचे आणि आशय मात्र मनाईचा, अशी ही विसंगती आहे.

ही विसंगती किती मोठी आहे हे पाहण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. गेल्या दशकातील बालभारतीच्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकांत सहावीला स्थानिक शासन, सातवीला संविधान व आठवीला संसदीय शासनपद्धती असा क्रम आहे. ग्रामपंचायतीचा धडा ‘ग्रामपंचायतीत जाऊ नका’ असे सांगत नाही. ती कशी निवडली जाते, तिचे उत्पन्न कोठून येते, ग्रामसभेत कोणास बोलता येते, हे तो सांगतो. नागरिक घडविण्याची आपली परिचित रीत ही अशी वर्णनाची व कारणमीमांसेची आहे. डिजिटल नागरिकत्वाच्या वाट्याला मात्र ती आली नाही. संगणकाच्या तासाला किंवा एखाद्या मोकळ्या तासाला तो विषय उरकला जातो, आणि मुलाची गणना नागरिकांत न होता पाल्यांत होते.

३

मराठी व्याकरणाचा पाठ ज्यांच्या स्मरणात आहे त्यांना क्रियापदाचे चार अर्थ आठवतील : स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. क्रियापदाच्या रूपावरून केवळ घटनेचा व काळाचा बोध होतो तेव्हा स्वार्थ. आज्ञा, विनंती, उपदेश यांचा बोध होतो तेव्हा आज्ञार्थ. कर्तव्य, योग्यता, शक्यता यांचा बोध होतो तेव्हा विध्यर्थ. आणि एक गोष्ट दुसरीवर अवलंबून असल्याचा बोध होतो तेव्हा संकेतार्थ. मोरो केशव दामले यांच्या १९११ मधील ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पासून शालेय व्याकरणापर्यंत, तपशिलाचे मतभेद सोडले असता, हे विभाजन सामान्यतः स्वीकारले गेले आहे. आपल्या प्रस्तुत विषयास ते फार उपयुक्त ठरते. कारण मनुष्य समाजात वावरतो तो या चारही अर्थांनी वावरतो, आणि आपण मुलांना शिकवितो ते मात्र एकाच अर्थाने.

आज्ञार्थाचे काही गुण निर्विवाद आहेत. तो आखूड असतो, ध्यानात राहतो आणि संकटसमयी तात्काळ उपयोगी पडतो. रस्त्यावर धावणाऱ्या मुलास वाहतुकीचे शास्त्र समजावून सांगण्यास अवकाश नसतो. ‘ओटीपी कोणाला सांगू नका’ ही सूचनाही याच जातीची असून ती तशीच ठेवावी. परंतु आज्ञार्थाला दोन मर्यादा आहेत, आणि त्या त्याच्या स्वरूपातूनच उद्भवतात.

पहिली मर्यादा अशी की आज्ञार्थात कारणाला स्थान नसते. तेथे अधिकाराला स्थान असते. ‘नका’ हा शब्द बोलणाऱ्याचा ऐकणाऱ्यावरील अधिकार गृहीत धरतो. म्हणून कारणाविना आज्ञा पाळण्याची सवय ज्यास लागली, तो आज्ञा कोणाची हे पाहील. आज्ञा कशासाठी आहे हे पाहणार नाही. आणि येथेच धोका आहे. कारण फसविणाराही आज्ञार्थातच बोलतो. फोन ठेवू नका, कॅमेरा बंद करू नका, घरात कोणाला सांगू नका, ही त्याची भाषा असते. ‘डिजिटल अरेस्ट’ या नावाने जी फसवणूक देशभर झाली आणि जिचा उल्लेख ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांना आपल्या आकाशवाणीवरील भाषणात करावा लागला, तीत सुशिक्षित व अनुभवी माणसे आपल्याच घरात कैद झाल्यासारखी तासन्‌तास बसून राहिली. अशा प्रकारची अटक भारतीय कायद्यात अस्तित्वात नाही. पडद्यावर गणवेश दिसला आणि कानावर अधिकाराचा सूर पडला, एवढ्यावर ती माणसे आज्ञेत राहिली. केवळ आज्ञा पाळावयास शिकविणारे शिक्षण अशा प्रसंगी संरक्षण देत नाही, किंबहुना ते फसविणाऱ्याची वाट सोपी करते.

दुसरी मर्यादा अशी की आज्ञा एकदा मोडली म्हणजे आज्ञार्थापाशी बोलावयास काही उरत नाही. तिचा विचार पुढे संकेतार्थाच्या प्रकरणी करावयाचा आहे.

४

स्वार्थ ही येथे व्याकरणातील संज्ञा आहे हे सांगावयास नको. स्वार्थाने शिकविणे म्हणजे वस्तुस्थिती सांगणे. पाठविलेले चित्र पाठविणाऱ्याच्या फोनवरून पुसले तरी ते घेणाऱ्याच्या फोनवर राहू शकते. काही क्षणांत नाहीसे होणारे चित्र दुसऱ्या फोनने टिपता येते. संदेश वाटेत कोणास वाचता येऊ नये अशी कुलूपबंद व्यवस्था असली, तरी ज्याच्याकडे तो पोहोचतो त्याच्या हातात तो उघडाच असतो. ही तीन विधाने ज्यास समजली त्यास ‘फोटो पाठवू नका’ याचे कारण वेगळे सांगावे लागत नाही. आणि उद्या नवे साधन आले तर त्यालाही हाच विचार लावून पाहण्याची शक्ती त्याच्या ठिकाणी येते.

परंतु वस्तुस्थितीचे सर्वांत महत्त्वाचे अंग यंत्राचे नसून विधानाचे आहे : हे कोण सांगत आहे आणि त्यास ते कशावरून कळले? या बाबतीत मराठी भाषेपाशी एक असे साधन आहे की ज्याकडे आपल्या शिक्षणाने अद्याप लक्ष दिलेले नाही. ‘तो मुंबईस गेला’ आणि ‘तो मुंबईस गेला म्हणे’ ही दोन वाक्ये प्रत्येक मराठी मूल शाळेत येण्यापूर्वीच वेगळी ओळखते. ‘म्हणे’ हा शब्द येथे क्रियापद राहिलेला नाही. बोलणाऱ्याने ही गोष्ट स्वतः पाहिलेली नाही, ती ऐकीव आहे आणि तिची हमी तो घेत नाही, एवढा अर्थ त्या दोन अक्षरांत सामावला आहे. संस्कृतातील ‘किल’ हे अव्ययही पुष्कळदा हेच काम करते. ज्ञानाचा उगम वाक्यातच नोंदविण्याची ही सोय कित्येक भाषांत व्याकरणाचा सक्तीचा भाग असते. मराठीत ती ऐच्छिक आहे, तथापि बोलीत ती विपुल आढळते.

आता एका फोनवरून दुसऱ्या फोनवर ढकलल्या जाणाऱ्या संदेशाकडे पाहावे. तो हजार तोंडांतून आलेला असतो, परंतु त्यात ‘म्हणे’ नसतो. माणूस ऐकीव गोष्ट तोंडाने सांगू लागला म्हणजे त्याची भाषा आपोआप ती जोडते. बोटाने ढकलू लागला म्हणजे मूळ वाक्य जसेच्या तसे, प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराच्या थाटात, पुढे जाते. वर उल्लेखिलेल्या वर्गातच प्रस्तुत लेखकाने मुलांना असा एक संदेश वाचून दाखविला व तो आजीला सांगावयाचा झाल्यास कसा सांगाल असे विचारले. ज्यांनी उत्तरे दिली त्यांतील बहुतेकांच्या वाक्यांत ‘म्हणे’ आला. एका वर्गातील हे एक निरीक्षण आहे आणि त्यावर सिद्धान्त उभारावयाचा नाही. परंतु मुलांपाशी ती जाणीव आहे आणि साधनाच्या वापरात ती निद्रिस्त होते, एवढे तरी त्यावरून दिसते.

ही जाणीव निद्रिस्त झाल्याचा परिणाम काय होतो हे महाराष्ट्राने पाहिले आहे. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी, आठवडी बाजाराच्या दिवशी, मुले पळविणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार केले. ते नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाचे, मंगळवेढ्याकडील, भिक्षेकरी होते. त्या काळात देशभर फिरणाऱ्या अफवांमध्ये एक चित्रफीतही होती. तीत मोटारसायकलवरून आलेले दोघे रस्त्यावरील मूल उचलून नेताना दिसत. वस्तुतः ती चित्रफीत मुलांच्या सुरक्षेविषयी जनजागृती करण्यासाठी कराचीत बनविलेली होती. मूळ चित्रफितीच्या शेवटी ते दोघे मुलास परत आणून सोडतात व बोधवाक्य लिहिलेला फलक दाखवितात. तो शेवट कोणी तरी कापून टाकला होता. मुलांच्या सुरक्षेसाठी दिलेला इशाराच त्याचा वक्ता, त्याचा हेतू आणि त्याचा शेवट हरवला असता घातक अफवा बनला. सुरक्षेचे शिक्षण देणाऱ्यांनी ही घटना विसरता कामा नये.

राईनपाड्याच्या घटनेनंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने पुढे ढकललेल्या संदेशांवर तशी खूण दाखविण्यास आरंभ केला आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश ढकलता येईल अशी मर्यादा घालण्याचे जाहीर केले. ती खूण म्हणजे यंत्राने जोडलेला ‘म्हणे’च होय. तथापि यंत्राची खूण डोळ्यांच्या सवयीची होते आणि दिसेनाशी होते. वाचणाऱ्याच्या मनातील ‘म्हणे’ जागा करणे हे काम शिक्षणाचे आहे.

आपल्या परंपरेतील प्रमाणविचारही येथे उपयोगी पडतो. नैयायिकांनी शब्द हे प्रमाण मानले, परंतु त्यास वक्ता आप्त असण्याची अट घातली. आप्त म्हणजे ज्यास वस्तूचे साक्षात ज्ञान आहे आणि ते जसे आहे तसे सांगण्याची ज्याची इच्छा आहे तो. वात्स्यायनाने हे लक्षण ऋषी, आर्य व म्लेच्छ यांस समान लागू केले आहे. म्हणजे जन्म, प्रतिष्ठा वा वेष यांवर आप्तता अवलंबून नाही. सांगणाऱ्यास हे ठाऊक आहे काय, आणि खरे सांगण्यात त्याचे हित आहे काय, हे दोन प्रश्न तेरा वर्षांच्या मुलास सहज विचारता येतात, आणि ते पुरेसे आहेत.

५

स्वार्थाच्या या प्रकरणातच सर्वनामांचाही विचार करणे योग्य होईल. मुलांना जाळ्यात ओढणारा मनुष्य बहुधा धमकीने आरंभ करीत नाही. तो फूस लावतो. ‘अनोळखी माणसाशी बोलू नका’ ही आज्ञा येथे निष्फळ ठरते, कारण महिनाभर रोज बोलणारा मनुष्य मुलाच्या लेखी अनोळखी राहिलेलाच नसतो. तो मुलाची स्तुती करतो, त्याच्या घरच्या तक्रारी ऐकून घेतो, आणि हळूहळू त्यास इतरांपासून वेगळे काढतो.

हे वेगळे काढणे भाषेत दिसते. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन प्रथमपुरुषी अनेकवचनी शब्द आहेत. पहिल्यात ऐकणारा बाहेर असतो, दुसऱ्यात तो आत असतो. हिंदीत अथवा इंग्रजीत हा भेद सर्वनामांनी दाखविला जात नाही. फूस लावणारा ‘आपण’ फार लवकर वापरू लागतो. ‘हे आपल्या दोघांतच राहू दे’ या वाक्याने त्याने एक नवे कुटुंब निर्माण केलेले असते आणि मुलाचे खरे कुटुंब त्याच्या बाहेर घातलेले असते. तसेच ‘तुम्ही’वरून ‘तू’वर येण्याची घाई. मराठी घरातील मुलास कोणी कोणास केव्हा ‘तू’ म्हणावे याची सूक्ष्म जाण असते. आत्या ‘तू’ म्हणते ते त्यास खटकत नाही, दुकानदाराने म्हटले तर खटकते. हे खटकणे म्हणजे ज्ञानच आहे. ‘मला इतक्या लवकर आपल्यात कोणी ओढले आणि का?’ असा प्रश्न विचारावयास जर मराठीच्या तासाने शिकविले, तर सर्वनामांचा पाठ आणि सुरक्षेचा पाठ वेगळे राहणार नाहीत. अर्थात प्रत्येक ‘आपण’ संशयास्पद आहे असा याचा अर्थ नव्हे. ज्या ‘आपण’मध्ये गुप्ततेची अट असते तो तपासावा, एवढेच म्हणावयाचे आहे.

६

विध्यर्थाकडे वळू. मराठीत निषेधाची रूपे एक नव्हेत. ‘नको’ व ‘नका’ ही समोरच्या व्यक्तीस केलेली मनाई आहे. ‘नये’ हे रूप ‘करावे’ या विध्यर्थाची नकारी बाजू आहे. त्यात कोणी कोणावर हुकूम चालवीत नाही, सर्वांना सारखाच लागू असणारा एक संकेत सांगितला जातो. ‘दुसऱ्याचे पत्र वाचू नको’ यात वडील बोलतात; ‘दुसऱ्याचे पत्र वाचू नये’ यात समाज बोलतो, आणि वडीलही त्या नियमाने बांधले जातात. नागरिकत्वाची भाषा ‘नये’ची आहे.

‘नका’ आणि ‘नये’ यांतील हा फरक शाब्दिक नाही. फळ्यावरील चौदाही वाक्ये मुलाला काय होऊ शकते याविषयी होती. मुलाकडून दुसऱ्यास काय होऊ शकते याविषयी एकही नव्हते. वस्तुतः वर्गमैत्रिणीचे चित्र तिच्या अनुमतीवाचून पुढे ढकलणारा, वर्गाच्या गटात एखाद्यास टोपणनावाने छळणारा, हा त्याच वयाचा आणि पुष्कळदा त्याच वर्गातला असतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब नुसार १८ वर्षांखालील मुलांची लैंगिक स्वरूपाची चित्रे प्रसृत करणे हा गुन्हा आहे; आणि ढकलणारा स्वतः चौदा वर्षांचा असला तरी त्याचे कृत्य बाल न्याय कायद्याच्या कक्षेत येते. हे मुलांना सांगितले पाहिजे. पण केवळ कायद्याच्या भयाने नव्हे, तर ते करू नये म्हणून.

‘नये’ पालकांनाही लागू होतो हे ओघाने आले. मुलाची अनुमती न विचारता त्याची छायाचित्रे नातेवाइकांच्या गटांत टाकणारे पालक आणि निकालाची यादी मुलांच्या गुणांसह सर्वत्र धाडणारी शाळा, यांच्याकडून मुलाने खासगीपणाचे मोल कसे शिकावे? आपल्याकडे पुष्कळ घरांत एकच फोन सर्वांचा असतो, ही गोष्टही येथे लक्षात घ्यावी लागते. ‘पासवर्ड कोणालाही सांगू नका’ हे वाक्य अशा घरातील मुलीला निरर्थक वाटते. आईला सांगावयाचा की नाही, हा तिचा साधा प्रश्न पुस्तिकेच्या लेखकास सुचलेला नसतो.

विध्यर्थाची होकारी बाजूही आहे, आणि ती हक्कांची आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेस भारताने १९९२ मध्ये मान्यता दिली. तीत मुलाचे म्हणणे ऐकले जाण्याचा, व्यक्त होण्याचा व खासगीपणाचा हक्क मान्य केलेला आहे. २०२१ मध्ये संबंधित समितीने हे हक्क डिजिटल व्यवहारासही लागू असल्याचे सविस्तर स्पष्ट केले. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघर येथे फेसबुकवरील एका मजकुराबद्दल तो लिहिणाऱ्या तरुणीस आणि त्यास पसंती दर्शविणाऱ्या तिच्या मैत्रिणीस अटक झाली होती. त्यानंतर श्रेया सिंघल यांच्या याचिकेवर २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ अ घटनाबाह्य ठरविले. आठवीच्या मुलास संविधान शिकविताना ही हकीकत सांगता येण्यासारखी आहे. ‘काही लिहूच नका’ म्हणणाऱ्या शाळेला मात्र ती सांगता येणार नाही.

७

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे यावयाचे. ‘आणि पाठवला असेल तर?’ हे वाक्य संकेताचे आहे. व्याकरणातील संकेतार्थाचे खास रूप बहुधा न घडलेल्या गोष्टीचे असते : ‘वेळेवर सांगितले असते तर बरे झाले असते.’ अनर्थ घडून गेल्यावर वडीलधाऱ्यांच्या तोंडी येणारे वाक्य हेच असते. प्रस्तुत लेखक येथे संकेताचा अर्थ थोडा विस्तृत घेतो, आणि घडू शकणाऱ्या व घडून गेलेल्या गोष्टींच्या अटींचाही त्यात समावेश करतो.

निषेधाने शिकविलेल्या मुलाची स्थिती आज्ञा मोडल्यानंतर मोठी बिकट होते. चित्र पाठविले गेले आहे, आणि आता समोरचा मनुष्य पैशासाठी अथवा आणखी चित्रांसाठी धमकावीत आहे. अशा वेळी त्या मुलास पहिल्याने काय आठवते? ‘पाठवू नका’ असे आपल्याला सांगितले होते. म्हणजे जो वस्तुतः गुन्ह्याचा बळी आहे तो स्वतःच्या दृष्टीने प्रथम आज्ञाभंगाचा अपराधी ठरतो. आणि अपराधी सांगावयास जात नाही, लपवितो. धमकावणाऱ्याचे सारे बळ या लपविण्यावर अवलंबून असते. शाळेने दिलेला निषेध अशा रीतीने नकळत त्याच्या उपयोगी पडतो. या कोंडीचा शेवट काही मुलांच्या बाबतीत त्यांच्या जिवावर बेततो, म्हणून हा प्रश्न केवळ व्याकरणाचा राहत नाही.

शब्दयोजनेमुळे बळी आणि अपराधी यांची कशी अदलाबदल होते, याची दखल सर्वोच्च न्यायालयानेही घेतली आहे. २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात न्यायालयाने मुलांच्या अशा चित्रांसाठी रूढ असलेली ‘बाल अश्लील चित्रण’ या अर्थाची संज्ञा न्यायालयांनी वापरू नये, त्याऐवजी मुलांच्या लैंगिक शोषणाची व अत्याचाराची सामग्री अशा अर्थाची संज्ञा वापरावी, असे सांगितले. कारण हेच की पहिल्या संज्ञेत अत्याचार दिसत नाही.

तेव्हा ‘पाठवला असेल तर’ याचे उत्तर पाठातच असले पाहिजे, आणि ते पुढील प्रकारचे असावे. पाठविला असेल तर ज्या मोठ्या माणसावर तुझा विश्वास आहे त्यास आजच सांग. ते आईवडीलच असले पाहिजेत असे नाही. धमकी आली असेल तर पैसे अथवा दुसरे चित्र देऊ नकोस, कारण दिल्याने मागणी थांबत नाही. संदेश पुसण्याआधी त्यांची नोंद ठेव. मुलांसाठी १०९८ हा दूरध्वनी आहे. पैशाची फसवणूक झाली असेल तर १९३० आहे. राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर अशा चित्रांविषयी नाव न सांगता तक्रार नोंदविण्याची सोय आहे. ‘टेक इट डाउन’ या नावाची, २०२३ पासून चालू असलेली, एक विनामूल्य सेवा आहे. तीत चित्र कोणाकडेही न धाडता त्याची केवळ अंकरूप खूण तयार होते व सहभागी कंपन्या त्या खुणेवरून ते चित्र शोधून काढून टाकू शकतात. २०२१ च्या नियमांनुसार अशी चित्रे तक्रारीनंतर ठराविक तासांच्या आत हटविणे कंपन्यांवर बंधनकारक आहे. आणि या सर्वांच्या आधी एक वाक्य, स्वार्थात : दोष धमकावणाऱ्याचा आहे.

या उत्तरातही आज्ञार्थ आहे हे वाचकांच्या लक्षात आले असेल. परंतु तो अटीच्या पोटात आलेला आहे आणि त्याच्या मागे कारण आहे. प्रस्तुत लेखकाचा आक्षेप आज्ञार्थावर नसून त्याच्या एकाधिकारावर आहे.

८

येथे दोन शंका उपस्थित होण्याजोग्या आहेत. पहिली अशी की बारा-तेरा वर्षांच्या मुलांपुढे एवढी मीमांसा कशासाठी? त्यांना त्या साधनांपासून दूर ठेवणेच श्रेयस्कर नव्हे काय? ऑस्ट्रेलियाने १६ वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाती ठेवू न देण्याचा कायदा केला असून तो १० डिसेंबर २०२५ पासून अमलात आला. त्या कायद्याची एक गोष्ट लक्षणीय आहे. त्यातील आज्ञा मुलांना नाही, कंपन्यांना आहे, आणि दंडही मुलांना वा पालकांना नसून कंपन्यांनाच आहे. आपल्या २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानेही १८ वर्षांखालील व्यक्तीची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळलेली संमती घेणे आणि मुलांचा माग काढून त्यांना लक्ष्य करणाऱ्या जाहिराती न दाखविणे ही बंधने कंपन्यांवर घातली आहेत. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. आज्ञार्थ बलवंतास उद्देशून वापरला जावा हे योग्यच आहे. परंतु अशा कायद्यांनी शिक्षणाची गरज संपत नाही. सोळाव्या वा अठराव्या वाढदिवशी मनाई उठते, आणि त्या दिवशी ज्ञान आपोआप येत नाही. शिवाय संमती पालकांची असली, तरी संमती म्हणजे काय हे समजून घेण्याचे वय मुलाचे असते.

दुसरी शंका शिक्षकांविषयीची. पुष्कळ शिक्षक म्हणतात की या विषयात मुलेच आमच्यापुढे आहेत, आम्ही त्यांना काय शिकवावे? यंत्र चालविण्याच्या बाबतीत ते खरे असेल. परंतु विधान कोणाचे, पुरावा कोणता, हे ‘आपण’ कोणाचे, ही अट कोणी घातली, या गोष्टी यंत्राच्या नसून भाषेच्या आहेत. आणि त्या शिकविण्यास मराठीच्या शिक्षकाइतका अधिकारी दुसरा कोणी नाही. विषयाच्या वाटणीत हा भाग संगणकाकडे गेला तो केवळ साधनाच्या नावामुळे गेला. तो भाषा आणि नागरिकशास्त्र यांच्याकडे आणावा, अशी सूचना येथे करावीशी वाटते. आपल्या विभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांना अभ्यासासाठीही येथे क्षेत्र आहे. ढकललेल्या मराठी संदेशांतील ‘म्हणे’चा लोप, मुलांच्या गटांतील संबोधनांची रूपे, शालेय सूचनांतील ‘नका’ व ‘नये’ यांचे प्रमाण, यांपैकी कोणताही विषय प्रबंधिकेस पुरण्यासारखा आहे.

त्या आठवीच्या वर्गात बाईंशी नंतर बोलणे झाले. त्या म्हणाल्या, “ती मुलगी उगीच विचारीत होती की खरंच काही होतं, ते मला कळलंच नाही.” दुसऱ्या दिवशी त्यांनी तो प्रश्न स्वतःच पुन्हा वर्गापुढे मांडला आणि फळ्यावर पंधरावे वाक्य लिहिले. ते ‘तर’ या शब्दाने संपत होते, आणि त्यापुढील जागा त्यांनी मुलांच्या उत्तरांसाठी मोकळी ठेवली होती.